सर्वश्रेष्ठ गिटारिस्ट कोण? भांडायचंच तर नीट भांडा

गिटारिस्टांवरचा वाद बहुतेक वेळा एकाच कारणाने फिसकटतो. एक जण 'श्रेष्ठ कोण' याचं उत्तर देत असतो, दुसरा 'मला कोण आवडतो' याचं, आणि दोघांनाही वाटतं की भांडण एकाच गोष्टीवर चाललंय. म्हणून आवडत्यांची फेरी आधीच उरकून घ्या. प्रत्येकाने एक गाणं लावायचं, दोन वाक्यं बोलायची. इतरांनी 'का' विचारायचं नाही, नाक मुरडायचं नाही. ही वाफ आधी गेली नाही तर ती नंतर मतांमधून बाहेर येते.

माणसं सहा पुरेत. प्रत्येकाने एकच नाव सुचवायचं आणि सहाही नावं वेगळी हवीत, त्यामुळे एक राखीव नाव घेऊन यायला सांगा. स्वतःच्या उमेदवाराला मत नाही. सगळ्यांनी एकेकच नाव दिलं, तर प्रत्येक उमेदवाराचं एकेकच मत कमी होतं आणि हिशेब सारखा राहतो. कुणी दोन नावं दिली किंवा एकच नाव दोघांनी दिलं, की तो बिघडतो. जिमी हेंड्रिक्सला मानाचं पान देऊन स्पर्धेबाहेर ठेवा. अमेरिकन संगीत-मासिक 'रोलिंग स्टोन'च्या श्रेष्ठ गिटारिस्टांच्या २००३ आणि २०२३ च्या दोन्ही याद्यांत तोच पहिला होता. त्याला आत घेतलं तर दुसऱ्या क्रमांकासाठीच भांडत बसाल.

यादी आपोआप एका बाजूला झुकते: सगळे इंग्लिश-अमेरिकन, सगळे रॉकवाले, सगळे १९६५ ते १९८५ मधले. निदान दोन नावं या वर्तुळाबाहेरची असावीत, अशी अट घाला. सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–१९७३) रॉकच्या आधीपासून इलेक्ट्रिक गिटारवर गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं) वाजवत होती. जॅझवाला वेस माँटगोमेरी पिकऐवजी (तार छेडायची चकती) अंगठ्याने छेडायचा, म्हणून त्याचे दोन सप्तकांत एकत्र वाजवलेले स्वर इतके मऊ येतात. आपल्याकडचे ब्रिजभूषण काब्रा मांडीवर गिटार ठेवून स्लाइडने (तारांवरून घसरवायच्या दांडीने) राग वाजवायचे. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरचं त्यांचं ध्वनिमुद्रण 'कॉल ऑफ द व्हॅली' १९६७ चं. 'दम मारो दम'मधली गिटार भूपिंदर सिंग यांची, हे आजही अनेकांना ठाऊक नसतं. मात्र जुन्या हिंदी गाण्यांच्या तबकड्यांवर वादकांची नावं क्वचितच छापली जायची. त्यामुळे नियम असा ठेवा: वाजवणारा नक्की कोण हे ठाऊक नसेल, तर तो तुकडा बाद.

आता निकष. तीनच ठेवा: बोटांतला सूर, लय आणि गाण्याला झालेला उपयोग. 'प्रभाव' हा निकष घेऊ नका, तो कानाने मोजता येत नाही. 'हे पहिल्यांदा कुणी केलं' हाही सापळाच. दोन्ही हातांनी टॅपिंग (तार छेडण्याऐवजी बोटं आपटून स्वर काढणं) म्हटलं की एडी व्हॅन हेलनचं १९७८ चं 'इरप्शन' पुढे येतं, पण 'जेनेसिस' बँडचा स्टीव्ह हॅकेट १९७१ च्या ध्वनिमुद्रणातच टॅपिंग करताना ऐकू येतो. सहानुभूतीलाही गुण नाहीत. जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत निकामी झाली. 'ब्लॅक सॅबथ' बँडच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात गेली, म्हणून त्याने हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटार खालच्या सुरात लावली. गुण द्यायचे ते त्यातून निघालेल्या आवाजाला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आवाजाच्या पातळीत. दोन तुकड्यांतला किंचित मोठा तुकडा आपल्याला 'जास्त चांगला' वाटतो, मोठा आहे हे लक्षातही येत नाही. नव्याने रीमास्टर केलेल्या, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावरून पुन्हा तयार केलेल्या आवृत्त्या बहुधा मूळपेक्षा मोठ्या असतात, त्यामुळे १९५८ चं जॅझ नव्या मेटलपुढे उगाच हरतं. फोनवर आवाज मोजणारं ॲप घ्या, बसायच्या जागी धरा आणि प्रत्येक तुकडा सरासरी ७० डेसिबलच्या आसपास आणा. फरक एका डेसिबलच्या आत हवा. इक्वलायझर आणि बेस बूस्ट बंद. साठच्या दशकातल्या कित्येक स्टिरिओ मुद्रणांत गिटार एकाच बाजूला असते, तेव्हा एक इअरफोन तुम्ही आणि एक मित्राने घालणं इथे चालणार नाही.

तुकडा ९० सेकंदांचा, शक्यतो गाणं नसलेला, कारण गायकाच्या आवाजावरून बँड ओळखू येतो. तुकड्यांना फक्त आकडे द्या. लावणारा सातवा माणूस असावा आणि त्याला मत नसावं. प्रत्येक तुकडा दोनदा वाजवा: सहा तुकड्यांचे एकूण १८ मिनिटं.

ऐकताना कान कुठे लावायचा? पहिली जागा बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) पूर्ण स्वर ओढला, तर तो दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटच्या सुराला भिडला पाहिजे. कमी पडला की कणसूर. पण ब्लूजमध्ये गंधार मुद्दाम कोमल आणि शुद्धच्या मधे ठेवतात, त्याला चूक म्हणू नका. ओळखायची खूण सोपी: दर वेळी त्याच ठिकाणी थांबत असेल तर तो हेतू, दर वेळी वेगळीकडे पोचत असेल तर हात कच्चा.

वेगाचं कौतुक करण्याआधी तोच तुकडा ०.७५ वेगाने लावा. सूर सुटे ऐकू आले तर तान खरी. ०.५ वर जाऊ नका. तिथे ॲपच स्वरांच्या सुरुवाती फासून टाकतं आणि दोष बिचाऱ्या वादकाला लागतो. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला आवाजही असंच फसवतो. त्यात हळू आणि जोरात छेडलेला स्वर जवळपास सारखाच ऐकू येतो आणि लांबतोही. त्यामुळे बोटांच्या निकषावर स्वच्छ आवाजातला 'डायर स्ट्रेट्स'चा मार्क नॉफ्लर आणि डिस्टॉर्शनमधला आयोमी समोरासमोर ठेवू नका.

मैफलीतलं ध्वनिमुद्रण मैफलीतल्याशीच तोला, स्टुडिओतलं स्टुडिओतल्याशी. 'पिंक फ्लॉइड'च्या 'कम्फर्टेबली नंब'चा शेवटचा सोलो डेव्हिड गिल्मोरने अनेक टेकमधले (वेगवेगळ्या वेळी वाजवून मुद्रित केलेले) तुकडे निवडून जुळवला. निवड हीही कलाच, पण एका दमात वाजवलेल्याशी तिची बरोबरी कशी करणार?

मुंबईत वेळेचं गणित सांभाळावं लागतं. निवासी भागात रात्री १० नंतर मर्यादा ४५ डेसिबलची, आणि खालच्या मजल्यावरचे काका त्याआधीच येतात. साडेसातला बसलात तर आवडत्यांची फेरी, ऐकणं, दर नावावर पाच मिनिटं चर्चा, सगळं नऊ-सव्वानऊला संपतं आणि डोंबिवलीवाल्यालाही लोकल सुखाने मिळते. तुकडे वाजत असताना पंखा बंद, कांदाभजी नंतर. कुणी हातात गिटार घेऊन दाखवणार असेल तर पावसाळ्यात ती जागेवरच पुन्हा ट्यून करा. दमट हवेत लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात आणि दाबताना सूर चढतो. त्या बेसूर नमुन्यावरून एरिक क्लॅप्टनचं मूल्यमापन नको.

मत चिठ्ठीवर, हात वर करून नाही, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याच्यामागे दोघे-तिघे जातात. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ गुण. चिठ्ठ्या जमा झाल्यावरच आकड्यांमागची नावं उघडा. बरोबरी झाली तर त्या दोघांचेच तुकडे क्रम उलटवून पुन्हा लावा, कारण शेवटी ऐकलेलं जास्त लक्षात राहतं, आणि ते दोघे ज्यांचे उमेदवार नाहीत अशा चौघांनीच मत द्यायचं. तरीही दोन-दोन झाले तर दोघेही पहिले.