संत्र्याच्या बागेत एका फोटोवरून अंतर कसं काढायचं

आमची बाग वरूड तालुक्यात, लागवड ६ बाय ६ मीटर. ब्लोअरनं फवारताना लहान झाडावरही मोठ्या झाडाइतकंच औषध उडतं, म्हणून मला प्रत्येक झाडाची उंची हवी होती. उंचीसाठी अंतर लागतं, आणि फोटोत अंतर सपाट होऊन बसलेलं असतं. पहिल्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला बाबांना उभं केलं, तर म्हणाले, "टेप लावूनच मोजून रायला, त मंग मशीन कायले पायजे?" प्रश्न रास्त होता. टेप चाळीस झाडांना लावायचा आणि बाकीच्या बागेत नुसते फोटो काढत फिरायचं, हे पटायला त्यांना दोन दिवस लागले.

फोटोवरून अंतर ओळखणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, शून्यापासून शिकवायच्या फंदात पडू नका. २०२४ मध्ये आलेल्या डेप्थ एनिथिंग व्ही-२ चं, म्हणजे हेच काम आधीच शिकलेल्या नेटवर्कचं, सगळ्यात लहान मॉडेल घ्या. सुमारे अडीच कोटी पॅरामीटर (शिकताना बदलणारे आतले आकडे), परवाना अपाची २.०, म्हणजे वापरायला मोकळा, आणि माझ्या ४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर ते निभावतं. थेट मीटर सांगणारी आवृत्तीही मिळते, पण घराबाहेरच्या दृश्यांसाठीची आवृत्ती संगणकानं तयार केलेल्या रस्त्यांवर आणि मोटारींवर शिकलेली आहे. आमच्या बागेत ना मोटार ना डांबर. म्हणून मी साधी आवृत्तीच घेतली आणि मीटर बागेतून आणले.

साधी आवृत्ती नेमकं काय देते, ते आधी समजून घ्या. प्रत्येक पिक्सेलला एक आकडा मिळतो. जवळच्या वस्तूचा मोठा, लांबच्या वस्तूचा लहान. हा आकडा अंतराचा नाही, अंतराच्या व्यस्ताचा (१ भागिले अंतर) आहे, आणि तोही कुठल्यातरी पट्टीनं गुणलेला व थोडा सरकलेला. म्हणून कॅमेऱ्यासमोर २, ४ आणि ८ मीटरवर खुंट्या ठोका. समजा मॉडेलनं त्यांना ४२, २२ आणि १२ दिले. व्यस्त अंतरं ०.५, ०.२५ आणि ०.१२५. मग गुणक आला ०.०१२५ आणि सरक उणे ०.०२५. आता ज्या झाडाचा आकडा ६ आहे, त्याचं व्यस्त अंतर ०.०५, म्हणजे झाड २० मीटरवर. प्रत्यक्षात आकडे इतके गुण्यागोविंदानं बसत नाहीत. सात-आठ खुंट्या घेऊन लीस्ट स्क्वेअर्सनं, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येईल अशी, रेषा बसवा. पट्टी दर फोटोला बदलते, म्हणून प्रत्येक फोटोत माहितीच्या अंतराची दोन-तीन ठिकाणं हवीतच.

याच उदाहरणात आकडा ६ ऐवजी ५ आला तर २० मीटरचे जवळजवळ २७ होतात. तीच एकाची चूक ४२ वर झाली तर २ मीटरचे २.०५. मी तिसऱ्या ओळीपलीकडचं झाड मोजतच नाही; पुढे चालत जातो आणि नवा फोटो काढतो.

मोजताना माझी सगळ्यात मोठी चूक तिरप्या टेपची. मॉडेलची खोली म्हणजे कॅमेऱ्याच्या नाकासमोरचं सरळ अंतर. दुसऱ्या ओळीतलं समोरचं झाड १२ मीटरवर. त्याच्या शेजारच्या झाडाची खोलीही १२ च, पण टेप तिरपा जातो म्हणून १३.४ भरतो. मी आठवडाभर १३.४ लिहीत होतो आणि कडेची झाडं का चुकतात म्हणून मॉडेलला शिव्या देत होतो. दुसरं, टेप खोडाला लागतो आणि पिक्सेल फांदीवर पडतो, जी दीड-दोन मीटर अलीकडे असते. बोर्डो पेस्ट लावलेलं खोड पानांखालून पांढरट-निळसर उठून दिसतं, पिक्सेल त्यावरच धरा. तोही एकटा नको. खोडावरच्या छोट्या चौकोनातल्या आकड्यांचा मध्यक (क्रमानं लावल्यावर मधला येणारा) घ्या, कारण पानांच्या कडेला मॉडेल पुढचं आणि मागचं अंतर कालवून टाकतं.

रेषा बसवूनही चुका एकाच दिशेला जात असतील, म्हणजे लांबची सगळीच झाडं जवळ येत असतील, तरच फाइन-ट्यूनिंगला, म्हणजे तयार मॉडेलला आपल्या फोटोंवर थोडं आणखी शिकवायला, हात घाला. आधी एन्कोडर (चित्र वाचणारा भाग) गोठवून फक्त डिकोडर (त्यावरून अंतर काढणारा भाग) शिकवा. नंतर एन्कोडर सोडा, पण त्याचा लर्निंग रेट, म्हणजे एका वेळी किती बदलायचं ते, डिकोडरच्या एक दशांश ठेवा, मी ०.०००००५ वर असतो. लॉस, म्हणजे शिकताना मोजायची चूक, फक्त मोजलेल्या पिक्सेलवर, आणि तोही अंतराच्या लॉगमधल्या फरकाचा, कारण ४ मीटरवर २ मीटर चुकणं आणि २० वर २ मीटर चुकणं सारखं नाही. एका फोटोत जेमतेम दहा ठिपके मोजलेले असतात, त्यामुळे मॉडेल ठिपके पाठ करतं आणि बाकी चित्र चिखल होतं. त्यावर उपाय म्हणजे मूळ मॉडेलचंच उत्तर दुसरा मास्तर म्हणून हलक्या वजनानं जोडा. आकाश मास्क करून (झाकून) वगळा.

फोटो डावं-उजवं उलटवून वाढवा, चालतं. क्रॉप करून मोठा करू नका: अर्ध्या फोटोचा क्रॉप दुप्पट केला की १२ मीटरवरचं झाड ६ वर आल्यासारखं दिसतं आणि आपण लेबल १२ चंच ठेवतो. तपासणीचे फोटो वेगळ्या तुकड्यातले हवेत. मी नाल्यापलीकडची झाडं प्रशिक्षणात घेतलीच नाहीत. आणि दर फेरीनंतर, म्हणजे सगळे फोटो एकदा शिकवून झाले की, मॉडेल सेव्ह करा; रात्री साडेनऊला लाइट गेली तेव्हा माझ्या अकरा फेऱ्या मातीत गेल्या.

आता उंची. १ मीटरची काठी ३ मीटरवर उभी करून फोटो काढा. काठी १००० पिक्सेल भरली तर फोकल लांबी, म्हणजे पिक्सेलवरून उंची काढायचा कॅमेऱ्याचा आकडा, १००० गुणिले ३ भागिले १, म्हणजे ३००० पिक्सेल. झाड १५०० पिक्सेल आणि खोली ८ मीटर, तर उंची १५०० गुणिले ८ भागिले ३०००, म्हणजे ४ मीटर. पण मॉडेलसाठी फोटो लहान होतो, लहान बाजू ५१८ पिक्सेलची. त्या लहान चित्रात झाड २५९ पिक्सेल भरतं, आणि मी फोकल लांबी मात्र ३००० चीच ठेवली होती. अख्खी बाग सत्तर सेंटीमीटरची निघाली. बाबांनी स्क्रीनवर डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "वांगे लावले काय रे?"

खोली दहा टक्के चुकली की उंचीही दहा टक्के चुकते, ४ मीटरच्या झाडाला ४० सेंटीमीटर. मला झाडं लहान, मध्यम आणि मोठी एवढीच वेगळी करायची आहेत. किती नोझल चालू ठेवायचे ते त्यावरून ठरतं, आणि तेवढ्याला हे पुरतं. फोटो सकाळी आठच्या आत काढा, एकाच मोबाईलनं, झूम न करता. आणि लेन्स आधी शर्टाला पुसून घ्या, धूळ फार असते.