कादंबरीचा पंचनामा कसा करायचा

मी वकिलाकडचा कारकून. कसबा बावड्यातल्या कोर्टात रोजचं जाणं, जामिनाचे अर्ज टाइप करायचे, पंचनाम्यांच्या नकला काढायच्या. त्यामुळं खुनाची कादंबरी हातात आली तरी नजर तीच राहते. मुलगी म्हणते, "पप्पा, जरा मजा घ्या की वाचताना." आता माझी मजाच तिथं आहे, काय करणार! 'लई भारी' आणि 'बोर' याच्या पुढं तुम्हाला कादंबरीबद्दल काही बोलायचं असेल, तर ही रीत करून बघा. एक शंभर पानी वही पुरते.

आधी चतुःसीमा लिहायची. घटनास्थळाच्या पंचनाम्यात पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दार कुठं उघडतं, हे सगळं येतं. कादंबरीतलं खुनाचं घर तसंच वहीत उतरवा. मागच्या महिन्यात वाचलेल्या एका पुस्तकात खुनी मागच्या दारानं पळाला. चाळीस पानं मागं गेलो तर त्याच खोलीला दार एकच! पुढची दीडशे पानं मी नुसती उलटली.

कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला हाच नियम लावला. आपल्या पन्हाळ्याकडचा लेखक, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणापायी उठलेलं गाव आणि मागं राहिलेली म्हैस. पूर्वेस लिहून पेन थांबलं. माणूस कुठला ते जमिनीवरून सांगायची आपली सवय, आणि इथं जमीनच सुटलेली. त्या पानावर एवढंच आहे : 'पूर्वेस –'. ते रिकामं सोडलंय, आणि माझं मतही तेच आहे.

नव्या गुन्हेकथेत कलमं तपासा. १ जुलै २०२४ पासून खून भारतीय न्याय संहितेच्या १०३ मध्ये गेला. त्यानंतर घडलेल्या खुनाला इन्स्पेक्टर 'तीनशे दोन लावतो' म्हणाला, तर हसा. नव्या संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं. झडती-जप्तीचं चित्रीकरणही आता करावं लागतं. गोष्ट त्याआधीची असेल तर मात्र लेखकाला सोडून द्या, जुन्या गुन्ह्याला जुनंच कलम.

साक्षीदार कोण, हेही बघा. सांगणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं की ऐकीव? ऐकीव असेल तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारा. पुस्तक स्वतःचं असेल तरच.

सगळ्यात महत्त्वाचं : निम्म्यावर थांबायचं. आपला संशय कारणासकट लिहायचा, पान दुमडून स्टेपल मारायचं. पुस्तक संपल्यावरच उघडायचं. केगो हिगाशिनोंची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही २००५ ची जपानी कादंबरी. यात खून कुणी केला ते सुरुवातीलाच कळतं, म्हणून मी फुशारकीनं लिहिलं, 'शेजारचा गणिताचा मास्तर गडबडीत आहे, चुकणार.' शेवटी पान उघडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. गडबडीत कोण होता ते कळलं. ती ओळ खोडलेली नाही. आपल्या चुकीच्या ओळी ठेवाव्यात, पुढच्या वेळी हात जरा थांबतो.

मत लगेच सांगू नका. आठ दिवस जाऊ देत. मग चहाच्या गाड्यावर कुणी विचारलं, तर जे आठवतंय तेवढंच सांगा. आणि खुन्याचं नाव? दातखीळ बसली तरी चालेल, पण नाही.

वाचनालयातल्या एका प्रतीत बाराव्या पानावरच कुणीतरी एका नावाभोवती गोल करून 'हाच खुनी' लिहिलेलं होतं. असला संताप आला! चिडत-चिडत शेवटपर्यंत वाचलं, तर खुनी भलताच. खोडरबर हातात घेतला होता. मग विचार केला, राहू दे, पुढच्यालाही जरा फिरू दे, आणि पुस्तक परत केलं.