पोनी सिलेंडर कुठे बांधायचा? पाठीला, कुशीला की काखेत

पोनी म्हणजे स्कूबा डायव्हरने सोबत नेलेला, स्वतःचा वेगळा रेग्युलेटर (सिलेंडरची हवा तोंडापर्यंत पोचवणारे यंत्र) असलेला छोटा सिलेंडर. मुख्य हवा संपली, फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलेंडरवर बसणारा भाग) बिघडला किंवा नळी फुटली, तर त्याच हवेवर डायव्हरला पाण्याबाहेर यायचे असते. विकत घेताना सगळी चर्चा लिटरची आणि किमतीची होते. तो अंगावर कुठे बसवायचा हे मात्र बहुतेकजण बोटीवर चढल्यावर ठरवतात, आणि पोनी निरुपयोगी ठरतो तो बहुधा इथेच. हवेसाठी धडपडणाऱ्या माणसाला व्हॉल्व्ह हाताशी, गेज नजरेसमोर आणि माउथपीस तोंडाजवळ लागतो. जोडणी निवडताना हीच कसोटी लावायची. बाकी सोय-गैरसोय त्यानंतर.

मालवण-तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून उथळ पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्यांना पोनीची गरज नाही. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे, जे १८ ते ३० मीटरपर्यंत जातात, सीझनला मालवण आणि अधूनमधून मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट करतात, त्यांच्यासाठी पुढचे सगळे आहे.

किती हवा लागते, ते आधी

जोडणी आकारावर अवलंबून असते, म्हणून हिशेब आधी करू. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर हवा ओढतो असे धरा. ३० मीटरवर दाब ४ पट असतो. तिथे सावरायला १ मिनिट लागले तर १२० लिटर गेले. मिनिटाला ९ मीटर वेगाने ५ मीटरपर्यंत वर यायला सुमारे २३० लिटर, तिथे ३ मिनिटे थांबायला १३५ आणि शेवटच्या टप्प्याला २० धरा. एकूण जवळपास ५०५ लिटर. हाच हिशेब १८ मीटरवरून केला तर ३३५ च्या आसपास येतो.

२ लिटरचा सिलेंडर २०० बारला ४०० लिटर हवा देतो, ३ लिटरचा ६००. म्हणजे १८ मीटरपर्यंत २ लिटर चालतो, ३० मीटरला ३ लिटरच्या खाली जाऊ नये. ज्याला ४० घनफुटी म्हणतात तो अ‍ॅल्युमिनियमचा सिलेंडर ५.७ लिटरचा असतो. त्यात ११०० लिटरहून जास्त हवा मावते, पण तो पाठीला बांधण्याच्या कामाचा नाही, कुशीलाच लटकवायचा. खिशात मावणाऱ्या हातभर उंचीच्या बाटल्यांत १०० लिटरही हवा नसते. १८ मीटरवर ती एका मिनिटात उडते, त्यामुळे त्यांचा विचार इथे करत नाही.

डाइव्हचा आराखडा करताना पोनीची हवा हिशेबात धरायची नाही. ती धरली की तो पोनी उरत नाही.

पाठीवर, मुख्य सिलेंडरला ब्रॅकेटने

छोटा सिलेंडर मोठ्याला शेजारी जोडायचा. पुढचा भाग मोकळा राहतो, डी-रिंगांची (पट्ट्यावरच्या अडकवायच्या कड्यांची) गरज नाही, कॅमेरा धरणाऱ्याला दोन्ही हात मिळतात. स्वतःचा मुख्य सिलेंडर असेल, तो घरूनच जोडून नेत असाल, तर ही पद्धत सरळ आहे.

अडचण आपल्याकडच्या पद्धतीत आहे. कोल्हापूरचा डायव्हर गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटाने खाली उतरतो तेव्हा रेग्युलेटर स्वतःचा असतो, मुख्य सिलेंडर मात्र तिथल्या सेंटरचा. दोन डाइव्हच्या मध्ये बोटीवरची मुले सिलेंडर बदलतात. डुलत्या बोटीत, मोजक्या मिनिटांत, ओल्या हाताने ब्रॅकेट सोडून पुन्हा कसायचा. त्यात सगळ्या सिलेंडरचा व्यास सारखा नसतो: नेहमीचा ८० घनफुटी अ‍ॅल्युमिनियम १८४ मिमीचा, स्टीलचे १७१ मिमीचेही असतात आणि २०३ मिमीचेही. एका मापावर कसलेला पट्टा दुसऱ्यावर ढिला बसतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. व्हॉल्व्ह आणि गेज पाठीमागे राहतात. व्हॉल्व्ह उघडा ठेवला आणि सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) कुठे दाबला जाऊन हवा सुटली, तर बुडबुडे पाठीमागे जातात, तुम्हाला कळत नाही. बंद ठेवला, तर गरजेच्या वेळी हात पोचत नाही. उलटा बांधला, म्हणजे व्हॉल्व्ह खाली कमरेजवळ, तर हात पोचतो, पण बोटीच्या बाकावर बसताना पहिला दणका त्या व्हॉल्व्हलाच बसतो. शिवाय मालवणच्या पाण्यात तुटलेली जाळी आणि तंगूस असतो. पाठीमागे जे बाहेर आलेले असेल त्यात तो अडकतो, आणि अडकलेले सोडवायला आपला हात तिथवर जात नाही. पाठीवरचा पोनी काढून जोडीदाराला देता येत नाही, हेही लक्षात घ्या.

तरीही हीच पद्धत हवी असेल तर:

– पट्टे दोन घ्या. एका पट्ट्यावर पोनी खालून हलतो आणि प्रत्येक किकसरशी मागे धक्का देतो.
– नायलॉनचा पट्टा आधी भिजवा आणि मग कसा. कोरडा कसलेला पट्टा पाण्यात ताणतो आणि सिलेंडर घसरतो.
– पोनीचा व्हॉल्व्ह मुख्य व्हॉल्व्हपेक्षा ४-५ सेंटीमीटर खाली ठेवा, नाहीतर दोन्ही फर्स्ट स्टेज एकमेकांना आणि डोक्याला लागतात.
– पोनी उजव्या बाजूला बसवा, नळी उजव्या काखेखालून पुढे आणा, सेकंड स्टेज गळ्यातल्या रबरी हारात अडकवा.
– व्हॉल्व्ह उघडा ठेवा, आणि पाण्यात शिरताच जोडीदाराकडून बुडबुडे तपासून घ्या.

ब्रॅकेटची प्लेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही छान करून देईल. पण सिलेंडरला स्वतःला काहीही करू नका. वेल्डिंग नाही, ड्रिल नाही, आणि पावडर कोटिंगही नाही. कोटिंगच्या भट्टीत तापमान १८० ते २०० अंशांपर्यंत जाते, आणि अ‍ॅल्युमिनियमचा सिलेंडर १७७ अंशांच्या वर तापला की बाद धरतात, कारण उष्णता-प्रक्रियेने त्याला दिलेली ताकद निघून जाते. बाहेरून तो नवाकोरा दिसतो, म्हणूनच हे धोक्याचे आहे.

कुशीला लटकवून

आमचे मत स्पष्ट आहे. भाड्याच्या सिलेंडरवर डाइव्ह करणाऱ्यासाठी हीच पद्धत योग्य. पोनी डाव्या बाजूला, वरचा बोल्ट स्नॅप (सरकत्या खिट्टीचा हूक) खांद्याच्या पट्ट्यावरच्या डी-रिंगला, खालचा डाव्या कमरेच्या डी-रिंगला. मुख्य सिलेंडर कितीही वेळा बदलो, पोनीला हात लावावा लागत नाही. गेज मान खाली केली की दिसतो. व्हॉल्व्ह उजव्या हाताने फिरवता येतो. जोडीदाराला अख्खा सिलेंडर देता येतो.

सामान: ६ मिमी नायलॉन दोरी दीड मीटर, स्टेनलेस बोल्ट स्नॅप २, होज क्लिप १, आणि मोटारसायकलची जुनी ट्यूब. ट्यूब कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळते. होज क्लिप घेताना लोहचुंबक घेऊन जा आणि पट्टी व स्क्रू दोन्हीला लावून बघा. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा लोखंडी, असे बरेचदा निघते, आणि समुद्रात स्क्रू पहिल्यांदा जातो. चुंबक चिकटला तर नको. चिकटला नाही म्हणजे उत्तम असेही नाही, कारण हलक्या २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही. ३१६ मागा, निदान ३०४.

बांधणी अशी:

१. दोरीच्या एका टोकाजवळ सिलेंडरच्या मानेभोवती बसेल असा फास करा. तो व्हॉल्व्हवरून निसटू नये, पण नॉबलाही घासू नये. त्याच गाठीत वरचा स्नॅप मानेच्या अगदी जवळ बांधा. इथे दोरी लांब सोडली की पोनी छातीपासून सुटा लोंबतो.

२. होज क्लिपवर ट्यूबचा तुकडा नळीसारखा चढवा. हे शोभेसाठी नाही. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि क्लिपखाली खड्डे पडतात.

३. बीसीडी (हवा भरून तरंगणे सांभाळणारे जॅकेट) अंगावर घालून छातीची आणि कमरेची डी-रिंग यांतले अंतर मोजा. दोन स्नॅपमधले अंतर त्यापेक्षा थोडे कमी ठेवा, म्हणजे पोनी ताणलेला, अंगाला धरून राहील. क्लिप सिलेंडरच्या खालच्या तिसऱ्या भागात येते. २ लिटरचा सिलेंडर आखूड असतो, तिथे क्लिपपासून खालचा स्नॅप दोरीनेच थोडा पुढे सोडावा लागतो.

४. दोरी क्लिपखालून काढून खालचा स्नॅप बांधा. दोन्ही स्नॅप दोरीनेच जोडलेले असावेत, धातूला धातू अडकवू नका. स्नॅप गंजून घट्ट झाला तर दोरी सुरीने कापता येते. मधल्या दोरीत मूठ शिरेल एवढी ढील ठेवा, तीच उचलायची मूठ.

५. ट्यूबच्या दोन रुंद चकत्या कापून सिलेंडरवर चढवा, नळी दुमडून ठेवायला. दोरीची टोके जाळून गाठी पक्क्या करा.

भाड्याच्या बीसीडीला कमरेला डी-रिंग बहुधा नसते. ५० मिमीच्या पट्ट्यावर सरकणारी स्टेनलेस डी-रिंग सोबत ठेवा. छातीवरच्या प्लास्टिकच्या रिंगवर पाण्याबाहेर भार टाकू नका, तुटते. म्हणून छोट्या होडीतून आधी स्वतः उतरा आणि पोनी पाण्यात हातात घ्या: वरचा स्नॅप आधी, खालचा नंतर. वर येताना खालचा आधी सोडा, मग वरचा, आणि शिडीला हात लावण्याआधी पोनी बोटीवर द्या.

नळी आणि व्हॉल्व्ह

पद्धत कुशीची निवडली तरी एक प्रश्न उरतो, आणि तो सगळ्यात नाजूक आहे. सेकंड स्टेज गळ्यात ठेवायचा की सिलेंडरवर?

गळ्यातल्या हारात ठेवला तर तो हनुवटीखाली असतो, मान खाली केली की तोंडात. १०० सेंटीमीटरची नळी डाव्या बाजूने मानेमागून उजवीकडे येते. पण मग अख्खा पोनी कुणाला द्यायचा तर आधी नळी मानेवरून काढावी लागते. सिलेंडरवरच्या चकत्यांखाली दुमडून ठेवला तर देणे सोपे, स्वतः वापरायला मात्र काही सेकंद जास्त. एकटे फिरणारे, जोडीदारापासून दूर जाणारे फोटोग्राफर यांनी गळ्यात ठेवावा. गटाबरोबर जाणाऱ्याने सिलेंडरवर. दोन्ही बाबतीत मुख्य रेग्युलेटरचा ऑक्टोपस (जादा सेकंड स्टेज) काढू नका.

व्हॉल्व्ह यावरून ठरतो. गळ्यात असेल तर उघडा, कारण पहिला श्वास लगेच मिळायला हवा आणि हवा सुटली तर डोळ्यासमोर सुटते. सिलेंडरवर असेल तर एकदा उघडून नळीत दाब भरा आणि बंद करा. तिथे सेकंड स्टेजवरचे हवा सोडायचे पर्ज बटण दाबले जाऊन सिलेंडर रिकामा होण्याची भीती जास्त. बंद ठेवल्यास खोल जाताना बाहेरचा दाब वाढतो आणि नळीतली हवा कमी पडून आत पाणी शिरू शकते. म्हणून १० मीटरवर एकदा क्षणभर उघडून पुन्हा दाब भरा.

गेज १५ सेंटीमीटरच्या छोट्या नळीवर घ्या. फर्स्ट स्टेजला थेट बसणारा नाण्याएवढा गेज स्वस्त असतो, पण पाण्यात आकडा वाचता येत नाही. आणि पोनीचा सेकंड स्टेज रंगाने वा माउथपीसच्या आकाराने वेगळा ओळखू येईल असा करा. चुकून पोनीवरच श्वास घेत डाइव्ह सुरू करणे ही जुनी आणि जीवघेणी चूक आहे. मुख्य गेज हलत नाही, माणूस खूश होतो आणि खोलवर पोनी संपतो. उतरण्याआधी तोंडातल्या रेग्युलेटरवर चार श्वास घेताना मुख्य गेजकडे पाहा, आणि नळी हाताने धरून मुख्य सिलेंडरपर्यंत जा.

काखेत, साइडमाउंटसारखा

साइडमाउंट म्हणजे सिलेंडर पाठीऐवजी अंगाच्या बाजूला बांधणे. व्हॉल्व्ह काखेखाली बंजी कॉर्डने (ताणणाऱ्या रबरी दोरीने) ओढून धरायचा, खालचा स्नॅप कमरेमागे. पोनी अंगाला समांतर चिकटतो, पाण्याचा अडथळा कमी होतो. पण बंजीची लांबी अचूक लागते, आणि ती लावायला साइडमाउंटचा हार्नेस किंवा निदान बॅकप्लेट (पाठीवरची कडक पाटी) हवी. साध्या जॅकेट बीसीडीवर ही जोडणी नीट बसत नाही. साइडमाउंट शिकलेल्यांनीच करावी.

तोल आणि सराव

पोनी भरून, रेग्युलेटर लावून, पाण्याच्या पिंपात ताणकाट्याने लटकवा. जो आकडा येईल त्याच्या निम्मे शिसे डावीकडून उजवीकडे न्या. १ किलो आला तर अर्धा किलो सरकवायचा. एकूण शिसे मात्र कमी करू नका. पोनी दुसऱ्याला दिला तर तेवढे वजन जाते, आणि ५ मीटरवर तुम्ही वर उचलले जाता. स्टीलचा पोनी असेल तर हे जास्तच पाळा.

सराव आधी पोहण्याच्या तलावात, परवानगी घेऊन आणि सोबत प्रशिक्षित माणूस ठेवून करा. कोल्हापुरातल्या अंबाई टँकसारखा तलाव त्याला पुरतो. रंकाळ्यात नको, तिथे दिसत नाही आणि पाणी पोटात जाण्यासारखे नाही. डोळे मिटून पोनीवर जा. मास्क काढून जा. दोन्ही स्नॅप सोडून पोनी जोडीदाराला द्या आणि परत लावा. दीड मीटर पाण्यातही श्वास रोखून वर येऊ नका, एवढ्या फरकानेही फुप्फुसाला इजा होते. डाव्या हाताने स्नॅप सापडत नसेल तर दोरीची लांबी चुकली आहे, ती बदला.

हवा भरणे आणि नेणे

कारखान्यातला कॉम्प्रेसर ८-१० बार देतो, इथे २०० हवेत. दाबाची अडचण नसती तरी त्यातली तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात जाता कामा नये. हवा डाइव्ह सेंटरच्या श्वसनयोग्य हवेच्या कॉम्प्रेसरवरच भरा. छोटा सिलेंडर लवकर तापतो. गरम असताना २०० दाखवणारा गेज पाण्यात १८० च्या आसपास येतो, म्हणून हळू भरून घ्या आणि थंड झाल्यावर पुन्हा बघा. घेताना पेसोची (दाबाच्या सिलेंडरांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता आणि हायड्रोटेस्टचा (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीचा) शिक्का तपासा. आतून तपासणी दरवर्षी करून घ्या.

गाडीत तो आडवा, व्हॉल्व्हला टेकू न देता बांधा, उन्हात बंद डिकीत सोडू नका. घरी आल्यावर क्लिप आणि चकत्या काढून सिलेंडर गोड्या पाण्याने धुवा, क्लिपखालची जागा बोटाने चाचपून बघा. पांढरी भुकटी किंवा खड्डा लागला तर पुढच्या डाइव्हआधी तपासनिसाला दाखवा.