आराखडा आणि संदर्भसूची: दोन्ही कामे पहिल्या दिवसापासून एकत्र कशी करावीत

शोधनिबंधाचा आराखडा आरंभी करायचा आणि संदर्भसूची शेवटी जोडायची, अशी बहुतेकांची समजूत असते. परिणामी आराखडा आठवडाभरात बाजूला पडतो आणि संदर्भसूची निबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री, पुस्तके ग्रंथालयात परत गेल्यानंतर, आठवणीच्या भरवशावर तयार होते. वास्तविक ही दोन्ही कामे एकमेकांना तपासणारी आहेत: आराखड्यातला मुद्दा कोणत्या आधारावर उभा आहे हे सूची दाखवते आणि सूचीतली नोंद निबंधात कशासाठी आली आहे हे आराखडा सांगतो. म्हणून पुढील पद्धतीत ती पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी चालवली आहेत.

वाचायला घेतलेल्या प्रत्येक साधनाची नोंद ते वाचण्यापूर्वीच करावी. ग्रंथ असल्यास लेखकाचे पूर्ण नाव, शीर्षक व उपशीर्षक, संपादक किंवा अनुवादक, आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशनस्थळ आणि वर्ष लिहून घ्यावे, आणि हा तपशील मुखपृष्ठावरून न घेता आतल्या शीर्षकपृष्ठावरून व त्याच्या मागील बाजूवरून घ्यावा. तेथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांची वर्षे वेगवेगळी छापलेली असतात. पुनर्मुद्रणात मजकूर सहसा बदलत नाही, म्हणून सूचीत आवृत्तीचे वर्ष द्यावे. नियतकालिकातल्या लेखासाठी खंड, अंक आणि पहिल्यापासून शेवटपर्यंतची पृष्ठे लागतात, तसेच असल्यास डीओआय (डिजिटल ऑब्जेक्ट आयडेंटिफायर) हा ओळख-क्रमांकही. संकेतस्थळाचे पत्ते बदलतात, पण २००० सालापासून वापरात असलेला हा क्रमांक लेखाला कायमचा चिकटलेला असतो. वेबपृष्ठाच्या बाबतीत ते कोणत्या तारखेला पाहिले तेही टिपून ठेवावे. अशा प्रत्येक नोंदीला एक छोटी खूण द्यावी. आडनाव आणि वर्ष एवढे पुरे होते, आणि एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन साधने असतील तर वर्षापुढे अ, ब असे अक्षर जोडावे.

टिपणे काढताना तीन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नये: मूळ शब्द जसेच्या तसे, मूळ विचार आपल्या शब्दांत, आणि आपला स्वतःचा विचार. पहिल्याला त्याच क्षणी अवतरणचिन्हे घालावीत, दुसऱ्यापुढे खूण आणि पृष्ठांक लिहावा, तिसऱ्यासाठी वेगळी शाई किंवा चौकटीचा कंस वापरावा. वाङ्मयचौर्याचा आरोप ओढवून घेणाऱ्यांपैकी अनेकांनी जाणूनबुजून चोरी केलेली नसते. तीन महिन्यांनी आपलीच वही वाचताना हे वाक्य आपले की दुसऱ्याचे, हे त्यांना ओळखता येत नाही. पृष्ठांकाबद्दलचा माझा आग्रह मात्र अनुभवातून आलेला आहे. एक उत्तम अवतरण मी पृष्ठांकाशिवाय उतरवून घेतले होते आणि ते पुन्हा शोधण्यासाठी एक जाडजूड ग्रंथ दोन संध्याकाळी चाळला. सापडले नाही, तेव्हा अवतरण गाळावे लागले आणि त्यावर उभा असलेला परिच्छेदही.

थोडेफार वाचन झाले की आराखड्याकडे वळावे. प्रथम निबंधाचा प्रश्न एका वाक्यात लिहावा आणि त्याखाली, तात्पुरते का होईना, त्याचे उत्तर एका वाक्यात लिहावे. त्यानंतरचे मुद्देही शक्यतो पूर्ण वाक्यांत असावेत. ‘छपाई आणि भाषा’ हे नुसते मथळ्याचे नाव झाले, त्यातून काय सिद्ध करायचे ते कळत नाही. ‘छपाईमुळे इंग्रजीची लेखनरूपे लगेच स्थिर झाली नाहीत’ हे विधान आहे आणि ते पुराव्याची मागणी करते. या उदाहरणातला एक भाग असा दिसेल:

२. छपाईमुळे इंग्रजीची लेखनरूपे लगेच स्थिर झाली नाहीत.
२.१ इंग्लंडमध्ये छपाई १४७६ साली सुरू झाली, पण सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली आला. मधल्या सुमारे पावणेतीनशे वर्षांचे स्पष्टीकरण द्यावे लागते. [खूण, पृष्ठ]
२.२ एकाच छापखान्यातल्या पुस्तकांतही एकाच शब्दाची वेगवेगळी रूपे आढळतात. [खूण, पृष्ठ]
२.३ आक्षेप: छपाई नसती तर शब्दकोशाचा प्रसारच झाला नसता. [खूण नाही]

प्रत्येक विधानापुढचा कंस हा या पद्धतीचा गाभा आहे. २.३ पुढचा रिकामा कंस अजून काय वाचायचे आहे ते सांगतो. एकाच विभागात तीच खूण चार वेळा आली, तर आपण तो विभाग लिहीत नसून एका ग्रंथाचा गोषवारा करत आहोत, असे समजावे. उलट सूचीतली एखादी खूण आराखड्यात कोठेच येत नसेल, तर ते साधन कितीही कष्टाने वाचलेले असले तरी निबंधात त्याला जागा नाही. विरोधी मताला आराखड्यात स्वतःचा क्रमांक द्यावा. तसे न केल्यास ते शेवटच्या परिच्छेदात घाईघाईने कोंबले जाते.

एका मुद्द्याचे उपमुद्दे करायचे तर किमान दोन करावेत, आणि तीन पातळ्यांपेक्षा खोल सहसा जाऊ नये. प्रत्येक विभागापुढे अंदाजे शब्दसंख्या लिहिली, तर तीन हजार शब्दांच्या निबंधात पंधराशे शब्द पार्श्वभूमीवरच खर्च होण्याचा धोका आधीच दिसतो. पहिला खर्डा झाल्यावर उलट्या बाजूनेही आराखडा करावा: प्रत्येक परिच्छेद एका वाक्यात लिहून पाहावा. ज्या परिच्छेदाचे एक वाक्य होत नाही, त्यात दोन परिच्छेद दडलेले असतात किंवा एकही नसतो.

संदर्भशैली कोणती हे विभागाला किंवा नियतकालिकाला विचारून आरंभीच ठरवावे. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीत मजकुरात लेखक व वर्ष येते, तीन किंवा अधिक लेखक असल्यास पहिल्याच उल्लेखापासून पहिले आडनाव व ‘आणि इतर’ एवढेच लिहितात, आणि २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून ग्रंथाचे प्रकाशनस्थळ देत नाहीत. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) शैलीत मजकुरात लेखक व पृष्ठांक येतो, वर्ष येत नाही. शिकागो शैलीत तळटिपांची एक आणि लेखक-वर्षाची एक, अशा दोन स्वतंत्र पद्धती आहेत. विज्ञान व अभियांत्रिकीत साधनांना मजकुरात येतील त्या क्रमाने अंक देण्याची पद्धतही रूढ आहे. कोणती शैली चांगली यावर वाद घालण्यात अर्थ नाही. निवडलेली शैली शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत सारखी पाळली जाणे महत्त्वाचे आहे.

तळटिपा वापरणाऱ्यांनी ‘तत्रैव’ (म्हणजे आधीच्या टिपेतल्याच ग्रंथात) या शब्दापासून सावध राहावे. दोन टिपांच्या मध्ये नंतर एक नवी टीप घातली, की ‘तत्रैव’ निमूटपणे भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. शिकागो शैलीच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीनेही त्याऐवजी आडनाव व संक्षिप्त शीर्षक देण्याचीच शिफारस केली आहे. ‘तत्रैव’ घालायचेच असेल तर ते अगदी शेवटच्या वाचनात घालावे.

मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून अवतरण घेतले असेल, तर तसे स्पष्ट लिहावे आणि सूचीत प्रत्यक्ष वाचलेल्या पुस्तकाचीच नोंद करावी. सूची केवळ उद्धृत साधनांची हवी की अभ्यासलेल्या सर्व साधनांची, हेही विचारून घ्यावे. पहिलीला संदर्भसूची आणि दुसरीला ग्रंथसूची म्हणण्याचा प्रघात असला, तरी व्यवहारात ही नावे बरीच एकमेकांत मिसळतात.

झोटेरोसारखी संदर्भ-व्यवस्थापक सॉफ्टवेअर वेळ वाचवतात, पण संकेतस्थळावरून ओढलेल्या माहितीत नाव-आडनावाची अदलाबदल किंवा गहाळ पृष्ठांक आढळणे नित्याचे आहे. मराठी नोंदींची अकारविल्हे मांडणी तर हातानेच तपासावी. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, परंतु निव्वळ अक्षरांच्या संगणकीय संकेतांकांनुसार क्रम लावणारा संगणक त्याला ल नंतर ठेवतो, आणि क्ष ला क मध्ये व ज्ञ ला ज मध्ये घालतो. यांपैकी कोणताही क्रम स्वीकारला तरी चालतो, मात्र एकाच सूचीत दोन क्रम नसावेत.

शेवटची तपासणी दोन फेऱ्यांत करावी आणि ती छापील प्रतीवर केलेली बरी. पहिल्या फेरीत मजकुरातला प्रत्येक उल्लेख सूचीत शोधून दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करावी. दुसऱ्या फेरीत सूचीत पेन्सिलीच्या खुणेविना राहिलेल्या नोंदी पाहाव्यात: त्या केवळ उद्धृत साधनांच्या सूचीतून काढून टाकाव्यात किंवा ज्या वाक्यात त्यांचा आधार घेतला आहे तेथे उल्लेख घालावा, आणि वर्षे व आडनावांचे लेखन दोन्ही ठिकाणी अक्षरशः जुळते आहे ना, ते बोट ठेवून वाचावे.