मुलाला उपचार केंद्रात पहिल्यांदा नेताना

मराठवाड्यातील दिव्यांग मुलांच्या सेवाभावी बाल-उपचार केंद्रात जाण्यापूर्वी फोन करून वेळ ठरवावी. किनवट किंवा भूमसारख्या लांबच्या तालुक्यातून एसटीने येणार असल्यास तसे आधीच सांगावे, म्हणजे परतीची गाडी चुकत नाही. सोबत जन्माच्या वेळची कागदपत्रे, लसीकरणाचे कार्ड, जुने अहवाल आणि मुलाच्या सवयीचा वाटी-चमचा घ्यावा, कारण सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेले मूल घास कसा घेते, मान किती सावरते, हे थेरपिस्टला कागदांपेक्षा प्रत्यक्ष भरवताना अधिक कळते. शक्य असल्यास आजीलाही आणावेच. दिवसभर मूल बहुधा तिच्याच मांडीवर असते आणि घरी करायचे व्यायाम तिने स्वतः करून पाहिले, तरच ते पुढे टिकतात, असे माझे ठाम मत आहे. मूल रडले तर संकोचू नये. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढलेले नसल्यास अर्जाची माहिती तिथेच विचारावी. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्याचीही चौकशी करावी. केंद्र पाहायला येणाऱ्या पाहुण्यांनी मात्र उपचार सुरू असताना खोलीत शिरू नये आणि पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे छायाचित्र मुळीच काढू नये.