ईस्टरची अंडी निळी करायची तर कोबीला रात्रभर वेळ द्या

पांढरी अंडीच घ्या. गावरान अंड्याचं कवच मुळातच तपकिरी, त्यावर निळा रंग मळकट दिसतो. डझनभर अंडी कडक उकडून, पूर्ण गार करून, कोरडी पुसून ठेवा. कांद्याच्या सालीसाठी चार मात्र कच्ची राहू द्या. हे सगळं गुड फ्रायडेच्या संध्याकाळी करा, म्हणजे शनिवारच्या जागरणविधीला (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला) निघेपर्यंत अंडी वाळलेली असतील.

पिवळा सोपा आहे: दोन कप पाण्यात तीन मोठे चमचे हळद उकळा, पाणी गार झालं की अंडं अर्धा तास बुडवा. विटकरी रंगासाठी दहा-बारा कांद्यांच्या कोरड्या सालींत कच्ची अंडीच पंधरा मिनिटं उकळा. त्याआधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून नायलॉनच्या जुन्या मोज्यात घट्ट बांधलं, तर पानाची पांढरी नक्षी उमटते. बीट उकळून गुलाबी रंग मिळतो असं जो तो सांगतो. नाही मिळत. बिटाचा रंग उष्णतेने मरतो आणि अंडं तपकिरी होतं. बीट माझ्या स्वयंपाकघरात फक्त कोशिंबिरीला येतं.

आता निळा. याने मला तीन ईस्टर रडवलं.

अर्धा जांभळा कोबी (क्रॉफर्ड मार्केटात मिळतो) बारीक चिरून लिटरभर पाण्यात मंद आचेवर पाऊण तास उकळा आणि गाळा. पाणी गडद जांभळं दिसेल. ते पूर्ण गार होऊ द्या. कोमट पाण्यात अंडी घालायची घाई केलीत, तर रंग ठिपक्याठिपक्यांचा बसतो.

मग व्हिनेगर. आमच्या वांद्र्याच्या घरात इंद्याल या आंबट-तिखट मांसाहारी रश्श्यासाठी बाटली असतेच, म्हणून पहिल्या वर्षी मी अर्धा कप ओतलं. जास्त घातलं की रंग पक्का होतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. अंड्यांवर बुडबुडे आले, कवच खडूसारखं खरबरीत झालं आणि बोट लावताच रंग पुसून आला. कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं, आम्ल ते विरघळवतं. थोडं व्हिनेगर कवचाचं वरचं पातळ आवरण काढतं आणि रंगाला जागा देतं. जास्त झालं की रंग ज्यावर बसायचा तो थरच खातं. कपभर रंगाला एक मोठा चमचा, बास.

व्हिनेगर पडताच पाणी गुलाबी होईल. मुलं ओरडतील, "बिघडलं!" बिघडलेलं नाही. कोबीचा रंग आम्लात गुलाबी दिसतो आणि चुनखडीच्या कवचाजवळ निळा होतो. अंडी बुडवा, भांडं फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळपर्यंत उघडू नका. तासाभराने काढलेलं अंडं फिकट राखाडी निघतं, म्हणून रात्र हवीच.

सकाळची चूक याहून वाईट. ओला रंग कवचावर पातळ पापुद्र्यासारखा असतो. फडक्याने पुसू नका, बोटांनी चोळू नका, नळाखाली धरू नका. चमच्याने उचला आणि बाटलीच्या झाकणावर उभं करून ठेवा. मुंबईच्या दमट हवेत वाळायला तासदीड तास सहज लागतो, पंखा लावलेला बरा. कोरडं झाल्यावर कापसाने खोबरेल तेलाचा एक थेंब फिरवा, निळा खुलतो.

मुलांचं काम बुडवण्याआधीचं. गार अंड्यावर पांढऱ्या मेणबत्तीच्या तुकड्याने नाव लिहू द्या, मेणावर रंग बसत नाही. हिरवा हवा असेल तर हळदीतलं पिवळं अंडं वाळवून कोबीच्या पाण्यात टाका.

ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो, म्हणजे इथे उकाडाच. अंडी टोपलीत मांडा, मुलांना शोधायला लावा, पण अशा उकाड्यात तासाभराच्या आत परत फ्रिजमध्ये. तडा गेलेली लगेच सोलून मीठ-मिरी लावून खा, बाकीची आठवड्याच्या आत संपवा.