रात्रीची दहा मिनिटं, दार लावून

रात्री साडेनऊला ओटा आवरला की मी बाथरूमचं दार लावून घेते. बाहेरून "आई, माझा चार्जर कुठंय?" आलं तरी ओ देत नाही. कोरियन स्किनकेअरमध्ये माझ्या लेखी पहिली पायरी ही, बाटल्या नंतर.

इंदिरानगरहून सातपूर एमआयडीसीत मी रोज अ‍ॅक्टिव्हावर जाते. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणल्यापासून तर स्कार्फ सोडला की कडेकडेनं धुळीची रेघ उमटलेली असते. म्हणून दुहेरी सफाई नीट शिका, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. आधी क्लीन्झिंग ऑइल. चेहरा कोरडा आणि हातही कोरडे हवेत. इथेच सगळ्या चुकतात. मिनिटभर हलक्या हातानं चोळायचं, नाकाच्या कडा सोडायच्या नाहीत. मग बोटं ओली करून पुन्हा चोळायचं. तेल दुधासारखं पांढरं होतं आणि पाण्याबरोबर सनस्क्रीन, मळ घेऊन निघून जातं. घरचं खोबरेल का नको, असं सासूबाईंनी विचारलं होतं. ते पाण्यात असं मिसळत नाही, चिकटा मागे राहतो. यानंतर सौम्य फेसवॉश. धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटली तर तो फेसवॉश बदला.

चेहरा खसाखसा पुसू नका. ओलसर असतानाच टोनर तळहातावर घेऊन थोपटायचा, त्यावर सीरम. माझं नायसिनामाइडचं आहे, पाच टक्क्यांचं, गालांवरच्या वांगासाठी. डाग एकदम जात नाहीत, दोन-तीन महिने धीर धरा. शेवटी मॉइश्चरायझर. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की मी जाड क्रीम काढते, एरवी जेल पुरतं.

गोगलगायीच्या स्रावाचं एसेन्स लेकीनं आणलं होतं. आमच्या माळकरी घरात ते कपाटापर्यंतही पोचलं नाही! त्याऐवजी 'सिका' लिहिलेलं घ्या. ती आपल्याकडची मंडूकपर्णीच. तांदळाचं धुवणही कोरियात पूर्वापार तोंडाला लावतात. माझी आई तेच तुळशीला घालायची.

दहा पायऱ्यांचा नाद मात्र मी एकदा केला. टोनर, एसेन्स, दोन सीरम, शीट मास्क, सगळं एकाच रात्री, तेही भाचीच्या हळदीच्या आदल्या दिवशी. सकाळी गाल लालभडक, आणि कशानं ते कळायला मार्ग नाही. तेव्हापासून एका वेळी एकच नवी वस्तू, आधी कानामागे लावून दोन दिवस बघायची, मग दोन आठवडे दुसरं काही आणायचं नाही. दिवस गेलेले असतील तर रेटिनॉलला, म्हणजे सुरकुत्यांच्या क्रीममधल्या अ जीवनसत्त्वाला, हात लावू नका.

सकाळी फक्त पाणी, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. एसपीएफ ५० घ्या आणि त्यापुढं 'पीए'च्या शेजारी अधिकची (+) चिन्हं किती आहेत तेही बघा; पीए म्हणजे त्वचा काळवंडवणाऱ्या यूव्हीए किरणांपासूनचं संरक्षण, चिन्हं जास्त तितकं ते जास्त. दोन बोटांवर लांब रेघ ओढाल तितकं चेहरा-मानेला लागतं. वाटाण्याएवढ्यानं काही होत नाही. उन्हात हिंडायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. आणि हॅण्डल धरणाऱ्या हातांच्या पाठी विसरू नका. मी विसरले, घड्याळाखालची गोरी पट्टी अजून तशीच आहे.